कॅज्युअल्टीच्या दाराआधी: काय बघायचं, काय लिहायचं, काय द्यायचं नाही

माणूस कोसळला की घरातले सगळे त्याच्याकडे धावतात. धावाच. पण त्यातल्या एकाने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि वेळ लिहून ठेवायची. कॅलेंडरवर लिहा, हातावर लिहा, दुधाच्या पिशवीवर लिहा, पण लिहा.

मी इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ३१ वर्षं सिस्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या छातीत दुखलं की आधी माझं दार वाजतं आणि मग १०८ ला फोन जातो. हा क्रम उलटा हवा. माझी भाची एम.डी. करते आहे. तातडीच्या उपचारांवरचे नवे अभ्यास ती मला मोबाइलवर पाठवते आणि मी ते माझ्या वहीत मराठीत उतरवून ठेवते. त्या वहीतलं जे घरच्या माणसांच्या हातात आहे, तेवढंच इथे सांगते.

सव्वासहाचा दूधवाला

२०१६ चा जानेवारी. मी देवासला लग्नाला गेले होते. सकाळी सातच्या सुमारास माझ्या धाकट्या दिरांच्या हातून चहाचा कप निसटला आणि डाव्या मांडीवर सांडला. चहा गरम होता, पण ते ओरडले नाहीत, हातही झटकला नाही. धाकट्या जाऊबाईंना वाटलं, थंडीने हात आखडला. त्यांनी मोहरीचं तेल गरम करून चोळलं. पुतण्याने बी.पी. बघितलं, १९० निघालं. घाबरून त्याने घरातली बी.पी.ची कॅप्सूल फोडून भाऊजींच्या जिभेखाली दिली. मग जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे सीटी स्कॅन नव्हता. तिथे बाटली लावली आणि दोन तास तसेच गेले. मोठ्या रुग्णालयात पोचायला दहा वाजले.

डॉक्टरांनी विचारलं, "आखिरी बार बिलकुल ठीक कब देखा था?" जाऊबाईंनी खरं तेच सांगितलं, "रात को सोते समय." म्हणजे रात्रीचे दहा. डॉक्टरांच्या हिशोबाने बारा तास होऊन गेले होते, त्यामुळे लकव्यातली, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीतली, गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा विषयच संपला.

संध्याकाळी मी पोचले. बोलता बोलता पुतण्या म्हणाला, "काकू, सकाळी दूधवाल्याशी बाबांचं दोन रुपयांवरून वाजलं होतं." मी खुर्चीतच बसले. दूधवाला सव्वासहाला येतो. भाऊजी पातेलं घेऊन स्वतः खाली उतरले होते, भांडले होते, जिना चढून वर आले होते. म्हणजे सव्वासहाला ते धडधाकट होते. दहा वाजता पावणेचार तास झाले होते आणि त्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची होती. पाऊण तास हातात होता आणि तो कुणाला ठाऊक नव्हता.

त्या इंजेक्शनने हात नक्की वाचला असता असं मी म्हणत नाही. ते सगळ्यांना लागू पडत नाही. भाऊजी भजनी मंडळात पेटी वाजवत. आता उजव्या हाताने सूर धरतात आणि भाता नातू ओढतो.

म्हणून पहिला प्रश्न "कधी झालं" हा नाही. "शेवटचा अगदी ठीक कधी होता" हा आहे. हे शोधायला घरातल्या प्रत्येकाला विचारा. शेवटचा फोन कुणाला केला, दार कुणाला उघडलं, देवपूजा झाली होती का, मोबाइलवर शेवटचा मेसेज किती वाजता गेला. दूधवाल्याला, कामवाल्या बाईंना, वॉचमनलाही विचारा.

लकवा वाटला तर

तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर राहत नाही, बोलणं बोबडं किंवा भलतंच, अचानक तोल जातो, अचानक एका बाजूचं दिसत नाही. यातलं एकही दिसलं की निघायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका. लकव्यात बहुतेकदा दुखत नाहीच आणि म्हणूनच लोक वेळ घालवतात. गुठळीने मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मेंदूच्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो, हे १९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ती मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ मध्ये मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तार घालून ओढून काढण्याचे एकामागून एक चांगले निकाल आले. २०१८ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की मेंदूच्या खास स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला, तर निवडक रुग्णांत हे १६, अगदी २४ तासांपर्यंतही करता येतं. त्याच वर्षी झोपेत लकवा झालेल्यांना एम.आर.आय. बघून इंजेक्शन देण्याचाही फायदा दिसला. म्हणून "झोपेतच झालं, आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसू नका. उशीर झाला की नाही हे स्कॅन ठरवेल.

आता काय द्यायचं नाही ते सांगते, कारण घरात चुका इथेच होतात.

बी.पी.ची गोळी देऊ नका. २०२४ मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लकव्याची शंका असलेल्या २४०४ रुग्णांपैकी काहींचं बी.पी. ॲम्ब्युलन्समध्येच उतरवायला घेतलं, काहींचं रुग्णालयात गेल्यावर. नंतर स्कॅनमध्ये जवळजवळ निम्म्यांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला, बाकीच्यांत बहुतेकांना गुठळी. रक्तस्राव असलेल्यांना बी.पी. लवकर उतरवण्याचा फायदा झाला, गुठळी असलेल्यांना अपाय झाला. आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात. माझी ३१ वर्षांची नजरही ते ओळखू शकत नाही, फक्त स्कॅन ओळखतो. गुठळीने रस्ता अडला की शरीर स्वतःच दाब वाढवून पलीकडे रक्त पोचवायची धडपड करत असतं. आपण घाईने तोच दाब काढून घेतो. भाऊजींना दिली तशी कॅप्सूल जिभेखाली फोडू नये, हे डॉक्टरांना १९९६ पासून सांगितलं जातंय. घरांतून ती अजून गेलेली नाही.

ऍस्पिरिनही देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक. पाणी, चहा, ग्लुकोजचं पाणी काहीही तोंडात घालू नका. लकव्यात पुष्कळदा गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि घोट श्वासनलिकेत जातो. असे कितीतरी रुग्ण मी बघितले, ज्यांचा लकवा सुधारला पण पाण्याच्या त्या घोटाने झालेल्या न्यूमोनियाने त्यांना महिनाभर अंथरुणाला खिळवलं.

एक गोष्ट मात्र जरूर करा. मधुमेही माणूस असेल आणि घरात मशीन असेल तर बोट टोचून साखर बघा. साखर खूप उतरली तर हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच साखर द्या. नाहीतर आकडा लिहून घ्या आणि निघा.

आणि हे काम आज, सगळे बरे असताना करा: आपल्या घरापासून रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय कुठलं, हे जाऊन विचारून या. फोनवर नको, स्वतः जा. "रात को भी होता है क्या, टेक्निशियन रहता है क्या?" एवढंच विचारायचं. आपलं इंदूर रस्त्यांनी दगा देणारं गाव आहे. रंगपंचमीला गेर निघाली की राजवाड्याच्या बाजूने गाडी जात नाही, अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्यांची मिरवणूक असते, सराफ्यात तर रोज रात्री खाण्याची गर्दी. जुन्या इंदुरात राहणाऱ्यांनी दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवावा. स्कूटरवर दोघांच्या मध्ये रुग्णाला दाबून बसवून नेऊ नका. अर्धांगाचा माणूस धरून बसू शकत नाही. चौकातल्या वळणावर पडलेले मी पाहिले आहेत.

"गॅस झालाय"

छातीत दुखलं की घरात हिंग, ओवा, सोड्याचं पाणी सुरू होतं. मला आठवतं ते असं: कॅज्युअल्टीच्या टेबलावर आलेल्या माणसाचा बनियन घामाने अंगाला चिकटलेला. ई.सी.जी.चे रबरी फुगे छातीवर लावावेत तर घामाने निसटून पडायचे. गॉजने छाती पुसायची, पुन्हा लावायचे, पुन्हा निसटायचे. जानेवारीच्या रात्री, पंखा बंद असताना. गॅसने असा घाम सुटत नाही. माणूस एका बोटाने जागा दाखवत नसेल, सगळा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवत असेल, दुखणं जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत जात असेल, तर गॅस म्हणायचा हक्क घरच्यांना नाही. बायका आणि मधुमेही यांना तर पुष्कळदा दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं.

इथे ऍस्पिरिन द्यायची. लकव्यात नाही, इथे हो. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या एका प्रचंड अभ्यासाने हे सिद्ध केलं. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू गोळी न दिलेल्यांत ११.८ टक्के होते, गोळी दिलेल्यांत ९.४. इतकी जुनी, इतकी स्वस्त गोळी, आणि तरी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती घेतलेली असायची. ३०० ते ३२५ मिलिग्राम, आणि चावून. घरात हृदयाची ७५ ची गोळी असेल तर चार चावा. तिच्यावर वेष्टन असतं, अख्खी गिळली तर विरघळायला वेळ घेते. ऍस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त पातळ करण्याचं मोठं औषध चालू असेल तर देऊ नका. छाती फाटून पाठीत गेल्यासारखी कळ आली असेल तरही नाही. अशा वेळी १०८ वरच्या माणसाला विचारा. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याची आणून देऊ नका. तिने बी.पी. धाडकन उतरतं.

रुग्णालयात पोचल्यावर ई.सी.जी. दहा मिनिटांत व्हायला हवा, हा सगळीकडे मानलेला नियम आहे. आधी केस-पेपर, आधी पैसे, असं होत असेल तर शांतपणे पण ठाम म्हणा, "सिस्टर, पहले ई.सी.जी. कर दीजिए." याचा कुणालाही राग येत नाही. मला कधी आला नाही. आणि पहिला ई.सी.जी. चांगला आला म्हणून घरी निघू नका. दुखणं चालू असेल तर तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. रक्तातली ट्रोपोनिनची तपासणीही बहुतेकदा दोनदा करावी लागते, कारण हृदयाला इजा झाली तरी रक्तात तो आकडा चढायला वेळ लागतो.

नातेवाइकांकडून आम्ही सर्वांत जास्त ऐकायचो ते "ऑक्सिजन क्यों नहीं लगाया?" नर्सिंगच्या शिक्षणात आम्हालाही हेच शिकवलं होतं: हार्ट अटॅक म्हणजे ऑक्सिजन. २०१७ मध्ये स्वीडनने ६६२९ रुग्णांवर करून बघितलं. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९० किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी अर्ध्यांना मास्क, अर्ध्यांना साधी हवा. वर्षभरात मृत्यू ५.० आणि ५.१ टक्के. काहीच फरक नाही. त्यामुळे ९५ आकडा असताना मास्क नाही लावला, तर दुर्लक्ष झालं असं समजू नका.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ स्पीकरवर लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबा. हात दुखले की दुसऱ्याने घ्या. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

अपघात

इथेही घड्याळ. जखमेतून किंवा पोटात रक्त वाहत असेल तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड नावाचं इंजेक्शन असतं, फार महागही नाही. २०१० मध्ये ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांनी मिळून २०,२११ जखमींवर त्याचा अभ्यास केला, त्यात भारतातलेही पुष्कळ होते. मृत्यू कमी झाले. पण पुढे दिसून आलं की फायदा पहिल्या तीन तासांतच आहे, आणि २०१८ मध्ये ४० हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो असं निघालं. म्हणून अपघाताची वेळ सांगा. ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. मार लागून नव्हे, तर आजाराने पोटातून, आतड्यांतून रक्त जाणाऱ्यांवर तेच औषध २०२० मध्ये १२ हजार रुग्णांत तपासलं आणि तिथे उपयोग झाला नाही. एकच औषध, एका रक्तस्रावात वाचवतं, दुसऱ्यात नाही.

जखमेवर हळद, कॉफी, टूथपेस्ट नको. स्वच्छ सुती कापड घ्या, तळहाताने घट्ट दाबा आणि थांबलं का हे बघायला उचलू नका. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला उचलायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने, कलम १३४ अ प्रमाणे, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही. तातडीचा रुग्ण आधी वाचवायचा, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे, सरकारी असो की खासगी. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही आहे.

ताप, आणि बाटलीचा आग्रह

म्हाताऱ्या माणसाला ताप आला आणि तो असंबद्ध बोलायला लागला, किंवा ताप नाहीच पण दिवसभर लघवी नाही, श्वास भराभर चाललाय, तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची शंका घ्या. श्वास मोजा. पोटावर किंवा छातीवर हात ठेवून घड्याळात पूर्ण एक मिनिट. २२ किंवा जास्त आणि सोबत गोंधळलेपणा किंवा १०० किंवा त्याहून कमी बी.पी. (वरचा आकडा), तर वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या बोटावर आहे. उजव्या हाताची तर्जनी घ्या, पुढच्या पेराचा मऊ भाग दाबून पांढरा करा, दहा सेकंद दाबून धरा, सोडा आणि मोजा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त कडेपर्यंत नीट पोचत नाहीये. आम्ही नख दाबून अंदाज घ्यायचो. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या २८ अतिदक्षता विभागांनी काचपट्टीने बोट दाबून आणि घड्याळ लावून हेच केलं. शॉकमधल्या, म्हणजे जंतुसंसर्गाने बी.पी. ढासळलेल्या, ४२४ रुग्णांत अर्ध्यांचे उपचार बोट बघून ठरवले, अर्ध्यांचे रक्तातल्या लॅक्टेटची तपासणी करून. बोट बघितलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के, दुसऱ्यात ४३.४. हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण एक बोट महागड्या तपासणीच्या बरोबरीला उभं राहिलं, याचा मला फार आनंद झाला. थंडीत आधी हात पदराखाली धरून ऊबदार करून घ्या, नाहीतर गार हात फसवतो. आणि बोट ठीक दिसलं म्हणून लक्षणं दुर्लक्षू नका.

आता बाटली. आपल्याकडे बाटली लावली की इलाज सुरू झाला असं मानतात. अर्ध्या लिटर सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाचा जवळजवळ पाऊण चमचा. बाकी पाणी. त्यात ताकद नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्याला ती जीव देते, डेंग्यूतही डॉक्टर मोजून मापून देतात. पण सरसकट नाही. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ गंभीर तापाच्या मुलांवर अभ्यास झाला. जुलाबाची मुलं त्यात नव्हती. ज्यांना भराभर सलाइन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) दिलं त्यांच्यातली शंभरात साडेदहा मुलं ४८ तासांत गेली, ज्यांना भराभर दिलं नाही त्यांच्यातली सव्वासात. तो निकाल भाचीने पाठवला तेव्हा मी दोनदा वाचला. किती मुलांना आम्ही घाईघाईने बाटल्या उघड्या सोडल्या असतील. २०२३ मध्ये अमेरिकेत १५६३ मोठ्या माणसांत कमी आणि जास्त द्रव देऊन बघितलं, मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणून "दूसरी बोतल कब लगेगी?" विचारण्याऐवजी "एंटीबायोटिक की पहली डोज़ कितने बजे लगी?" हे विचारा. शॉकमधल्या माणसाला ती तासाभरात मिळायला हवी.

कपाटाच्या दारावरचा कागद

स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला घरातल्या प्रत्येकाचा एक कागद चिकटवा. नाव, वय, चालू औषधं, त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक सगळी. रक्त पातळ करणारी असतील तर त्याखाली जाड रेघ. ॲलर्जी. झालेली ऑपरेशनं. आणि वजन. वजन लोक लिहीत नाहीत. लकव्याचं हल्लीचं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन एका झटक्यात देतात आणि त्याचा डोस वजनावर असतो. २०२२ मध्ये कॅनडात ते तासभर चालणाऱ्या जुन्या औषधाच्या तोडीचं ठरलं. हलू न शकणाऱ्या माणसाला त्या घाईत काट्यावर कोण उभं करणार?

तिथे गेल्यावर एकानेच बोलायचं. आणि हिंदीत, आधीच जुळवून ठेवलेलं: "उम्र इकहत्तर, वज़न बासठ किलो, सवा छह बजे तक बिलकुल ठीक थे, सात बजे से बायाँ हाथ नहीं चल रहा, शुगर एक सौ चालीस, खून पतला करने की दवा नहीं लेते." एवढ्या एका वाक्याने कॅज्युअल्टीतला डॉक्टर मान वर करून तुमच्याकडे बघतो.

ट्रॉलीवरची रात्र

२०२३ मध्ये फ्रान्समध्ये ९७ तातडी विभागांनी ७५ वर्षांवरच्या रुग्णांचा अभ्यास केला. वॉर्डात खाट न मिळाल्याने ज्यांना रात्र तातडी विभागातच काढावी लागली त्यांच्यातले १५.७ टक्के रुग्णालयातच दगावले. ज्यांना मध्यरात्रीच्या आत वॉर्डात नेलं, त्यांच्यातले ११.१. म्हाताऱ्या माणसासाठी वॉर्डातली खाट मागत राहा, दर तासाला, नम्रपणे. आणि मिळेपर्यंत तिथे घरचं कुणीतरी हवं, मोबाइल बघत बाहेर नव्हे, उशाशी.

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षातली गोष्ट आहे. ८४ वर्षांच्या एक आजी खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. मी रात्री ड्युटीवर आले तर त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेले. दिवसाच्या सिस्टरने सांगितलं, "बहुत चिल्लाती हैं, सलाइन खींच दी, समझती कुछ नहीं." मी जवळ गेले. आजी म्हणत होत्या, "दार लाव गं, मांजर येईल." सारखं तेच. दिवसभर कुणाला त्यातला एक शब्द कळला नव्हता, आणि समोरचे हिंदीत काय विचारतात ते आजींना ऐकूच येत नव्हतं. कानाचं यंत्र आणि चष्मा घरी राहिला होता. दात तोंडातून काढून वाटीत ठेवले होते.

मी पट्ट्या सोडल्या, नातीला घरी पिटाळलं. ती चष्मा, यंत्र आणि आजींचं हातातलं घड्याळ घेऊन आली. दात लावले, चमच्याने पाणी दिलं. "आजी, मांजर गेलं. तुम्ही दवाखान्यात आहात, पाय मोडलाय. आज मंगळवार आहे, रात्रीचे अकरा वाजलेत." हे मी तासातासाने सांगितलं. डोळ्यांवरचा दिवा घालवला.

यात माझी काही करामत नव्हती. १९९९ मध्येच ८५२ वृद्ध रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवलं होतं की चष्मा, कानाचं यंत्र, पुरेसं पाणी, लवकर उठवून चालवणं, रात्री गोळीशिवाय झोप आणि दिवस-वेळ सांगत राहणं, एवढ्यानेच रुग्णालयात भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. उलट २०१८ मध्ये अतिदक्षता विभागातल्या भ्रमाच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध देऊन बघितलं, त्याने भ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत. म्हणून पिशवीत फाइलच्या आधी चष्मा, यंत्र आणि दातांची डबी टाका. घरची झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, ती रोज घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि तुमचं माणूस मराठीत बोलत असेल तर ते काय म्हणतंय हे सिस्टरला हिंदीत समजावून सांगा. ती तुमच्याएवढीच थकलेली असते, पण कळलं की हात बांधत नाही.

आजी साडेबाराला झोपल्या. पहाटे पाचला जाग आली तेव्हा नातीकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "दूध आलं का गं?"